पायथन काढून ठेवजा

माझं आडनाव आपटे नाही. आमच्या सासरी-माहेरी सात पिढ्यांत कोणी आपटे नव्हतं, आणि हिंगणीच्या आसपास शोधायला गेलात तर औषधालाही आपटे सापडायचा नाही. आम्ही भोयर. तरीही बोर धरणाच्या रस्त्यावरच्या गावांत आजही कोणी मला हाक मारतं ती "आपटेबाई" अशीच. एकदा तर एका विद्यार्थिनीच्या लग्नाच्या पत्रिकेवर "सौ. आपटे मॅडम व श्री. भोयर" असं लिहून आलं. आमच्या ह्यांनी ती पत्रिका पाहुण्यांच्या नजरेला पडू नये म्हणून कपाटात साड्यांच्या खाली ढकलली.

त्याचं कारण असं. मी संगणक शिकवायचे, आणि आमच्या संगणकांवर काहीही आणायचं, बदलायचं किंवा घालवायचं असेल तर ज्या हुकमानं सुरुवात करावी लागते तो तीन अक्षरांचा इंग्रजी शब्द आहे, 'ॲप्ट'. माझ्या जिभेला तो 'आपट' असाच जमला. वर्गात उभी राहून मी मोठ्यानं सांगायचे, "आपट! आता स्पेस. अगं, आपट म्हटलं ना!" बाहेर व्हरांड्यात लेकीची वाट पाहत बसलेल्या एका आईनं ते ऐकलं आणि पदर खोचून आत आली.

"बाई, माह्या पोरीले काय आपटायले सांगून राह्यल्या तुमी? मशीन फुटली तं भरून कोण देईन?"

त्या दिवसापासून मी आपटेबाई.

या अंकाच्या संपादकांचा आग्रह होता की नोकरीच्या सुरुवातीपासून लिहा. सुरुवातीपासून लिहिण्यासारखं काही नाही, कारण सुरुवातीला मला काही येतच नव्हतं. टायपिंगच्या वर्गातून उचलून मला संगणकाच्या खोलीत बसवलं, तेव्हाची मी म्हणजे एक नमुनाच होते. दाराबाहेर सगळ्यांना चपला काढायला लावायचे. नागपूरला एका संगणक खोलीत बाई शाल पांघरून बसलेली पाहिली होती, म्हणून मीही शाल पांघरून बसायचे. तिथे एसी होता, माझ्याकडे एक करकरणारा पंखा होता, हा फरक माझ्या ध्यानात आला नाही. वर्ध्याच्या मे महिन्यात शाल! पोरी घामाघूम आणि मीही घामाघूम, पण माझा घाम प्रतिष्ठेचा. दसऱ्याला कीबोर्डावर हळदकुंकू वाहिलं, आणि 'एच'चं बटण जे खाली बसलं ते पुन्हा उठलं नाही.

हिंगणीच्या आमच्या प्रशिक्षण केंद्राला मिळालेली यंत्रं कुठल्याशा कचेरीतून निवृत्त होऊन आलेली. संगणक चालवणारी विकतची प्रणाली त्यांना पेलत नव्हती आणि आम्हाला परवडत नव्हती. म्हणून लिनक्स आलं. फुकट, दणकट, आणि अडलं तर माहेरून कोणी येणार नाही, आपलं आपणच निस्तरायचं. आमचं लगेच जमलं.

आता ज्यांना यातलं काही ठाऊक नाही त्यांच्यासाठी चार शब्द. संगणकाच्या पोटात जी मूळ व्यवस्था चालते, ती एकसंध दगड नसते. ती शेकडो लहानमोठ्या तुकड्यांची असते. एक तुकडा पडद्यावर चित्र उमटवतो, एक घड्याळ सांभाळतो, एक नुसता बाकीच्यांना अक्षरं पुरवत बसतो. या तुकड्यांना पॅकेज म्हणतात, आणि त्यांची ने-आण करणारा जो कारभारी, तो पॅकेज मॅनेजर.

कारभारी लागतो कशाला? लग्नघर डोळ्यांपुढे आणा. तुम्ही म्हणता, "फक्त मामाला बोलवा." कारभारी म्हणतो, मामा आला म्हणजे मामी आली, मामी आली म्हणजे तिची आई आली, आणि आईला बिनतिखटाचं लागतं म्हणजे वेगळी चूल आली. हे सगळं तो तुमच्यापुढे मांडतो आणि विचारतो, "बोलावू?" तुम्ही हो म्हटलं की मगच निरोप जातात. उठवण्याचंही तसंच. भरल्या पंगतीतून एका माणसाला "तुम्ही जरा उठा" म्हणून पाहा. तो एकटा उठत नाही. त्याचा साडू उठतो, साडूचे भाऊ उठतात, बघता बघता अर्धी पंगत उष्ट्या हातानं मांडवाबाहेर. आणि तो माणूस कोण, हे दिसण्यावरून कळत नाही. कोपऱ्यात मुकाट वरणभात कालवणारा एखादा म्हाताराच अख्ख्या सोयरिकीचा खुंटा असतो.

कारभारी उठवण्याआधीही सांगतो, की याला उठवलं तर हे हे उठतील. ते वाचायचं की नाही, ते आपण ठरवायचं.

मला हे कळलं तेव्हा शहाणपण येण्याऐवजी भीती आली. या धंद्यात एखादा तुकडा जागच्या जागी रोखून ठेवायची सोय आहे. त्याला सांगायचं, जग बदललं तरी तू बदलायचं नाही. मी जे दिसेल ते रोखायला लागले. पडदा चालतो ना, रोखा. छपाई चालते ना, रोखा. शेवटी यंत्रं अशी झाली की नवीन काही आत येईना. आमचे हे एकदा डबा द्यायला आले होते. त्यांनी विचारलं, "हे काय करून राह्यली?" मी समजावून सांगितलं. ते म्हणाले, "बरोबर आहे. घरात सोफा हलवू देत नाई कोणाले, मशीनले काय हलू देशील!" आणि डबा ठेवून निघून गेले. मी त्या दिवशी जेवले नाही. रागानं नव्हे, ते बरोबर बोलले होते म्हणून.

मग हळूहळू हात बसला. हात बसला की गिऱ्हाईकं येतात. सेलूचे एक शेठजी होते, बी-बियाण्यांचं दुकान. त्यांनाही मी लिनक्सच बसवून दिलं होतं. एक दिवस फोन आला, आवाज दबका. "बाई, दुकानात गिऱ्हाईक आहे, जोरात बोलता येत नाई. माह्या मशीनीत कर्नल बसले आहेत."

"कोण बसले आहेत?"

"कर्नल. एक नाई, लय आहेत. जागा संपली म्हणते मशीन. मिलिटरीचा काही मॅटर तं नाई ना?"

प्रणालीच्या अगदी गाभ्याला 'कर्नल' म्हणतात. यंत्र आणि बाकी सगळे तुकडे यांच्यामधला तो दुवा. नवा कर्नल आला तरी जुना लगेच घालवत नाहीत. नवी बोअर मारली म्हणून जुनी विहीर त्याच दिवशी कोणी बुजवत नाही. बोअरला पाणी टिकतं का ते पाहतात. पण शेठजींनी एकही विहीर बुजवली नव्हती. यंत्रानं "जुने काढू का" विचारलं की ते दरवेळी "नको" म्हणायचे. मी जाऊन पाहिलं तर यंत्राच्या सुरुवातीच्या कप्प्यात कर्नल दाटीवाटीनं बसलेले, नव्याला पाय ठेवायला जागा नाही.

"शेठजी, जुने काऊन ठेवले सगळे?"

"बाई, मालाचं असं आहे, काढून टाकला की दुसऱ्या दिवशी गिऱ्हाईक तोच मागते."

मी दोन ठेवले आणि बाकीचे घालवले. शेठजी बाजूला उभे राहून एकेकाच्या आवृत्तीचा आकडा वाचत होते, आणि प्रत्येक गेला की "च्च" करत होते.

आता घरोघरी जी यंत्रं आहेत ती आपली आपणच बदलतात. कोणाला काही विचारत नाहीत, किंवा विचारलं तरी माणूस न वाचता 'ओके' दाबतो. मला त्याची हळहळ वाटते. बाईमाणसाला आयुष्यात "हे करू का?" असं विचारणारं फारसं कोणी नसतं. माझं यंत्र विचारायचं.

बरं. ज्या दिवसाबद्दल लिहायला मी बसले आहे, तो दिवस आमच्या केंद्राच्या परीक्षेचा.

तोवर आमच्या बायका-पोरींना प्रमाणपत्राच्या परीक्षेसाठी वर्ध्याला जावं लागायचं. मी मागे लागून लागून हिंगणीलाच परीक्षा घ्यायची परवानगी मिळवली होती, पण ती एकदाच, बघू या म्हणून. परीक्षा नीट झाली तर पुढेही केंद्र इथेच. नाही झाली तर पुन्हा वर्धा. आणि वर्धा म्हटलं की माझ्या निम्म्या विद्यार्थिनी घरीच राहायच्या.

त्यांच्यात कल्पना नावाची सून होती. लहान लेकरू, घरी कापूस, आणि दुपारी शिकायला यायची. गावच्या ग्रामपंचायतीत संगणकावर काम करणारी बाई हवी होती आणि हे प्रमाणपत्र असेल तर ती जागा कल्पनाला मिळण्यासारखी होती. तिच्या सासूबाई, मंजुळाबाई, परीक्षेच्या दिवशी लेकरू सांभाळायला स्वतः आल्या होत्या. ऐन वेचणीचे दिवस. वावर पांढरं झालेलं, मजूर मिळत नाहीत, आणि ही बाई एक दिवस वेचणी सोडून सुनेसाठी व्हरांड्यात मांडी ठोकून बसलेली. दुसऱ्यांदा ती येणार नव्हती. तिनं मला तसं आधीच बजावलं होतं, "आज झालं तं झालं, बाई. कापूस थांबत नाई."

त्या वर्षी अभ्यासक्रमात पायथन नावाची भाषा नव्यानं आली होती. पायथन म्हणजे अजगर, पण ही संगणकाला सूचना लिहायची भाषा. पोरींना ती नवी असली तरी आमच्या प्रणालीच्या पोटात ती आधीपासूनच होती. खिडक्या उघडणं, मेनू दाखवणं, यातलं कितीतरी काम तिच्याच भरवशावर चालायचं. म्हणजे पंगतीतला तो मुकाट म्हातारा.

मी सेलूला राहायचे. सकाळी बसमध्ये बसले आणि केंद्रातल्या देविदासभाऊंना फोन लावला. देविदासभाऊ आमचे मदतनीस. आधी मोटार वाइंडिंग करायचे, हात सोन्याचे, आणि सांगितलेलं काम तसंच्या तसं करणारे. मी म्हणाले, "भाऊ, खोली उघडा, झाडून घ्या, अन् सगळ्या मशीनीवर पायथन काढून ठेवजा."

"काढून ठेवू?"

"हो. पोरी आल्यावर खोळंबा नको."

आता तुम्हीच सांगा. पाहुणे यायच्या आधी आपण म्हणतो ना, ताटं काढून ठेव? चटणीला लसूण काढून ठेव? काढून ठेवणं म्हणजे समोर आणून तयार ठेवणं. माझ्या मनात ते होतं, की सगळ्यांच्या पडद्यावर पायथनची खिडकी उघडी असावी. पण त्याच आठवड्यात परीक्षेसाठी यंत्रं साफ करताना मी देविदासभाऊंना रोज सांगत होते, "गेम काढा, गाणी काढा, सिनेमे काढा." त्यांनी विचार केला, परीक्षा पायथनची आहे, म्हणजे पोरींना तो आयता सापडू नये म्हणून बाई काढायला सांगत असतील. यात त्यांचं काय चुकलं? गणिताच्या पेपराला आपण फळ्यावरची गणितं पुसतोच की.

माझ्या एका कौतुकाच्या गोष्टीनं भर घातली. माझ्या यंत्रावरच्या एका खिडकीत लिहिलं की पोरींच्या सगळ्या यंत्रांवर तेच उमटेल, अशी सोय मी केली होती. मला तिचा इतका अभिमान, की आल्या-गेल्याला दाखवायचे. देविदासभाऊंनी तीच वापरली.

बस कापसाच्या गाड्यांमागे अडकली होती. हॉर्न वाजत होते. तेवढ्यात त्यांचा फोन.

"बाई, मशीन लय काही काही दाखवून राह्यली. विचारते, खरंच काढू काय?"

"काढा म्हटलं ना, भाऊ!"

"नुसतं हो म्हणून भागत नाई. मी म्हणतो तसंच कर, असं पुरं वाक्य लिहा म्हणते."

मला हॉर्नच्या आवाजात अर्धंच ऐकू आलं. मी ओरडले, "भाऊ, मी म्हणते तसंच करा ना!"

फोन ठेवला. आता गंमत ऐका. आमच्या प्रणालीत पडदा आणि खिडक्या सांभाळणारा गठ्ठा 'हा गेला तर सगळं गेलं' अशा खुणेचा होता. असा गठ्ठा उठवायला गेलात तर कारभारी साधं 'हो' स्वीकारत नाही. तो एक इंग्रजी वाक्य अक्षर न अक्षर लिहायला लावतो. त्याचा अर्थच असा, की हो, मी म्हणतो तसंच कर. ज्यांनी हे केलं ती डोकेबाज माणसं. त्यांना वाटलं, एवढं लिहिता लिहिता तरी माणूस थबकेल. त्यांना काय ठाऊक, की हिंगणीत एका माणसाला तेच वाक्य त्याच्या बाई फोनवरून ओरडून सांगतील!

मी पोचले तर व्हरांड्यात सगळ्या बायका-पोरी उभ्या. मंजुळाबाईंच्या मांडीवर लेकरू. त्यांनीच पहिलं विचारलं, "बाई, तुमच्या मशीनी काऊन मेल्या?"

आत सगळे पडदे काळे, वर फक्त पांढऱ्या अक्षरांत नाव विचारणारी एक ओळ. देविदासभाऊ हात पुसत समाधानानं उभे. "काढला, बाई. एकाही मशीनीवर ठेवला नाई. चित्रं गेली म्हणून एकदा बंद करून चालू बी केल्या. फक्त तुमच्या मशीनीवरचा नाई काढला."

मला हसू फुटलं. देविदासभाऊंना वाटलं, बाई खूश झाल्या. तेही हसले. मग माझं तोंड पाहून थांबले.

"बाई, काढून ठेवजा म्हणजे..."

"उघडून ठेवा, भाऊ. उघडून!"

"मंग उघडा म्हणावं ना माय!" ते कळवळून म्हणाले, आणि तिथेच स्टुलावर बसले.

कल्पना दारात येऊन उभी राहिली. पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. पाठीमागून सासूचा आवाज आला, "परीक्षा होईन ना व बाई?"

"होते," मी म्हणाले. कशाच्या भरवशावर म्हणाले ते मला अजून कळलेलं नाही.

एक गोष्ट मात्र माझ्या बाजूला होती. आमच्याकडे इंटरनेट आलं तर आलं. म्हणून बाहेरून आणलेलं प्रत्येक पॅकेज मी माझ्या यंत्रावर साठवून ठेवायचे. सगळा माल घरात होता. अडचण अशी, की पंगत उठताना तारेवरून बोलणारा तुकडाही उठून गेला होता. बाकीच्या यंत्रांना माझ्या यंत्राशी बोलताच येईना. तेव्हा प्रत्येकापाशी बसून, काळ्या पडद्यावर हातानं ओळी लिहून त्याला आधी बोलतं करायचं, मगच माल पोचणार. मी एकटी, खोली भरून यंत्रं, आणि परीक्षक वर्ध्याहून निघालेले.

मी व्हरांड्यात गेले आणि म्हणाले, "चला, सगळ्या आपापल्या मशीनीवर बसा. मी सांगते ते लिहायचं. पंगत उठली आहे, एकेकाला हात धरून परत बसवायची आहे."

त्या बसल्या. मी मधोमध उभी राहून एकेक अक्षर सांगत होते. "आता स्पेस. आता आडवी रेघ. तिरपी नाही, उभीही नाही, आडवी!" कुणाचं चुकलं की शेजारीण वाकून बघायची. देविदासभाऊ एकेक तार दाबून पाहत फिरत होते, प्रत्येक यंत्रापाशी थांबून पुटपुटत होते, "बस बाप्पा, बस."

त्या गडबडीत परीक्षक आले. पिकल्या मिशा, हातात पिशवी. दारातच थांबले. "हे काय चाललंय?"

माझ्या आधी मंजुळाबाई बोलल्या. "काही नाई साहेब, पंगत उठली होती. बसवून राह्यल्या."

मी त्यांना खरं ते सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, घड्याळ पाहिलं आणि म्हणाले, "बाई, बारापर्यंत परीक्षा सुरू व्हायला हवी. नाही झाली तर केंद्र तयार नव्हतं, असं मला लिहावं लागेल. मी खोटं लिहीत नाही." मग खुर्ची ओढून बसले आणि देविदासभाऊंना चहा मागितला. त्यांचा मला राग आला नाही. मीही तेच लिहिलं असतं.

एक पडदा उजळला. त्यावर निळं आभाळ आणि डोंगर आले. "आली, आली!" एक पोर ओरडली. मग दुसरा, मग तिसरा. बारा वाजायला थोडा वेळ असताना सगळे उजळले, एक सोडून. कल्पनाचा.

तिच्या यंत्रावर कारभारी थांबून विचारत होता, "हे असं असं करतो, करू का?" ओळीच ओळी. ती बोट लावून वाचत होती.

"कल्पना, 'वाय' दाब ना! वेळ चालली."

"वाचून राह्यली, बाई."

"अगं, सगळ्यांचं तेच आहे. दाब!"

"सगळ्यांचं तेच नाई, बाई." तिनं बोट उचललंच नाही. "याच्यात काही आणायचं आहे, अन् खाली काही काढायचं बी आहे. ज्याच्यात आमाले पेपर लिहायचा, तेच काढून राह्यली मशीन."

परीक्षकांनी चहाचा कप खाली ठेवला. मी वाकून पाहिलं. खरंच होतं. 'वाय' दाबलं असतं तर पडदा आला असता, आणि पायथन ज्यात लिहायचं तो एडिटर गेला असता. मग तिनं पेपर कशात लिहायचा होता? पाटीवर?

आणि कारण वाचलं तर माझं मलाच कपाळ बडवून घ्यावंसं वाटलं. त्या जुन्या यंत्रावर एक तुकडा रोखून ठेवलेला होता. तो हलेना म्हणून कारभारी बाकीच्यांना हलवत होता. रोखणारी कोण? शाल पांघरून बसणारी ती बाई! सगळ्या यंत्रांवरची माझी कुलपं मी कधीच काढली होती, हे एक राहिलं होतं.

कल्पनानं 'एन' दाबलं. नाही. मी तिला ओळ सांगितली, तिनं तो तुकडा मोकळा केला आणि पुन्हा विचारलं. या वेळी कारभाऱ्यानं फक्त आणायचं ते दाखवलं. तिनं तेही पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं. खोलीत सगळ्या तिच्यासाठी थांबल्या होत्या. मी बोटं मोडत होते. मग तिनं 'वाय' दाबलं.

इतकी वर्षं मी शिकवलं. माझ्या पोरी आज बँकेत आहेत, दवाखान्यांत आहेत, एक तर पुण्याला मोठ्या मोठ्या यंत्रांची राखण करते. त्या सगळ्यांचा अभिमान आहेच. पण घड्याळ पुढे सरकत असताना, शिकवणारी बाईच मागून घाई करत असताना, ज्या सुनेनं बोट उचललं नाही, तिच्याइतका अभिमान मला दुसऱ्या कोणाचा वाटलेला नाही. घरीदारी जिला सगळे सांगतात तसंच करावं लागतं, तिनं त्या दिवशी आधी वाचलं.

बाराच्या ठोक्याला बाकीच्यांची परीक्षा सुरू झाली. कल्पनाचा पडदा त्यानंतर थोड्या वेळानं आला. मी परीक्षकांकडे पाहिलं. ते म्हणाले, "केंद्राची परीक्षा सुरू झाली आहे, बाई. एखादीचा पेन चालत नसेल तर आपण थांबतोच की." आणि तिचा वाया गेलेला वेळ त्यांनी तिला शेवटी दिला.

परीक्षा झाली, तोंडी प्रश्न झाले. कल्पना बाहेर आली तशी सासूनं लेकरू तिच्या कडेवर दिलं आणि सरळ परीक्षकांना आडवी गेली. ते मोटारसायकलला पिशवी अडकवत होते.

"साहेब, पास झाली काय माही सून?"

"मावशी, निकाल यायला वेळ लागतो. मला सांगता येत नाही."

"सांगता येत नाई म्हणजे? तुमी तं पाह्यलं ना तिचं?"

"पाहिलं. पण नियम आहे."

"साहेब, पास झाली तं पंचायतीत लागन, नाई तं माह्यासंगं वेचणीच आहे तिले. मी वेचणी सोडून आली. निकालाले मी पुन्हा नाई येऊ शकत. एवढं सांगून टाका, मले निजता तं येईन."

परीक्षकांनी मोटारसायकल सुरू केली. कल्पनाकडे पाहिलं, मग सासूकडे.

"मावशी, निकाल मी सांगू शकत नाही," ते म्हणाले. "पण पुढच्या हंगामाच्या वेचणीले दुसरी बाई पाहून ठेवजा."